बर्गंडीची पिनो न्वार कशी चाखावी

फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतातील थंड हवेत आणि चुनखडीच्या जमिनीत पिकणाऱ्या पिनो न्वार द्राक्षाची साल पातळ असल्यामुळे त्यापासून बनणारी लाल वाइन फिकट उतरते. केवळ रंगावरून तिला पाणचट ठरवू नये. बाटली अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवून वाइन साधारण १४ ते १६ अंश सेल्सिअसला आली की रुंद पोटाच्या, तोंडाशी निमुळत्या पेल्यात जेमतेम एक तृतीयांश ओतावी. पेला पांढऱ्या कागदावर तिरका धरल्यास कडेचा रंग दिसतो: कोवळ्या वाइनमध्ये तो माणकासारखा, मुरलेल्या वाइनमध्ये विटकरी असतो. मग पेला हलकेच फिरवून वास घ्यावा. आधी चेरी आणि रासबेरी जाणवतात. जुन्या बाटलीत ओल्या पाचोळ्याचा गंधही येतो आणि माझ्या मते खरी गंमत तिथेच आहे.