सिंगापुरात मुलांचे फोटो काढताना या चुका टाळा

सिंगापूरला येऊन घर लागलं, मुलांच्या शाळा सुरू झाल्या, की काही महिन्यांतच बऱ्याच मराठी घरांत एक विषय निघतो: फोटो पूर्वीसारखे येत नाहीत, नवा कॅमेरा घ्यायचा का? माझं उत्तर ठरलेलं आहे. इतक्यात घेऊ नका. इथली हवा, इथला सूर्य आणि इथले दिवे पुण्या-नाशिकपेक्षा वेगळे वागतात आणि नव्या कॅमेऱ्यालाही तोच त्रास देतात. आधी बिघडतंय काय ते ओळखा.

सगळं धुरकट येतंय

कॅमेरा रात्रभर एसीच्या खोलीत असतो. सकाळी तो गळ्यात अडकवून खाली उतरलं, की बाहेरची दमट हवा थंड काचेला लागते आणि लेन्सवर दव धरतं. लोक ते टी-शर्टच्या टोकाने पुसतात. काच अजून थंडच असल्यामुळे ते पुन्हा धरतं, मग पुन्हा पुसतात. अशाने काचेवर ओरखडे तेवढे पडतात. सगळ्यात वाईट म्हणजे याच वेळी लेन्स बदलणं, कारण मग तीच दमट हवा कॅमेऱ्याच्या पोटात जाते.

उपाय फुकटचा आहे. एसीच्या खोलीत असतानाच कॅमेरा झिपच्या प्लास्टिक पिशवीत घालून ती घट्ट बंद करा, आणि बाहेर गेल्यावर अर्ध्या तासाने उघडा. दव पिशवीच्या बाहेर धरतं, आत काच हळूहळू बाहेरच्या तापमानाला येते. त्याहून सोपं म्हणजे कॅमेरा झोपायच्या खोलीत ठेवूच नका. हॉलमध्ये, जिथे एसी नसतो, तिथे ठेवा. मॉल आणि एमआरटीतून (इथल्या मेट्रोतून) बाहेर पडताना फोनचंही असंच होतं, पण त्याची काच चिमुकली असल्यामुळे दोन मिनिटांत निवळते.

दव उडून जातं, बुरशी मात्र जात नाही. सिंगापूरच्या हवेतली सरासरी आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते, पहाटे तर ९० च्याही पुढे जाते. कोकणातल्या माणसाला जुलैत चामड्याच्या चपलेवर धरणारी पांढरी बुरशी नवी नाही. इथे तो जुलै बारा महिने चालतो. त्यात आपण कॅमेरा ठेवतो कुठे, तर बॉम्ब शेल्टरमध्ये. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून बांधलेल्या एचडीबीच्या, म्हणजे सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या, घरांत जाड काँक्रीटच्या भिंतींची आणि लोखंडी दाराची ही खोली असते, आणि आपण तिची अडगळीची खोली करतो. सुटकेस, पिठाचे डबे, आकाशकंदील आणि चामड्याच्या केसमधला कॅमेरा, सगळं त्याच कोंदट हवेत. चामडं ओल धरतं आणि बुरशीला यापेक्षा सोयीची जागा मिळत नाही.

लेन्स काढून तिच्यातून टॉर्चचा उजेड पाडून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी. लवकर लक्षात आली तर दुरुस्तीवाले लेन्स उघडून साफ करून देतात. उशीर झाला तर ती काचेवरचं कोटिंग खाते आणि तो डाग कायमचा राहतो.

इथे कॅमेऱ्याच्या दुकानांत ड्राय कॅबिनेट मिळतं. आतली आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांवर ठेवायची. ३० च्या खाली नेऊ नका, रबर आणि वंगण वाळतं. एवढा खर्च करायचा नसेल तर घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल पुरतं, फक्त जेलचा रंग बदलला की ते गरम करून वाळवायला हवं. बहुतेक डब्यांत वर्षानुवर्षं तीच मेलेली पुडी असते. घरून आणलेले लग्नाचे अल्बमही त्याच कोरड्या जागी ठेवा. आणि फ्रेममध्ये फोटो थेट काचेला टेकवू नका, मधे पुठ्ठ्याची चौकट घाला. नाहीतर दमट हवेत फोटो काचेला चिकटतो आणि सोडवताना चेहराच निघून येतो.

डोळ्यांखाली काळं, चेहरा अंधारात

सिंगापूर विषुववृत्तापासून जेमतेम एक अंश उत्तरेला आहे. दुपारचा सूर्य वर्षातला बराच काळ डोक्यावर असतो, त्यामुळे कपाळाची सावली डोळ्यांत पडते. शिवाय इथलं घड्याळ सूर्याच्या पुढे धावतं. १९८२ पासून सिंगापूरची वेळ जगाच्या प्रमाणवेळेपेक्षा आठ तास पुढे आहे. नकाशावरच्या जागेवरून ती सातच तास असायला हवी. म्हणून सूर्य डोक्यावर येतो तो १ च्या सुमारास. ‘बारा वाजून गेले, आता ऊन उतरेल’ हा आपला हिशेब इथे चुकतो. अकरा ते तीन मुलांना उन्हात उभं करून फोटो काढूच नका.

सूर्य वर्षभर सकाळी ७ च्या आसपास उगवतो आणि संध्याकाळी ७ च्या आसपास मावळतो. फरक पडतो तो थोड्या मिनिटांचा. म्हणजे चांगला प्रकाश रोज ठरलेल्या वेळी येतो. बोटॅनिक गार्डन पहाटे ५ ला उघडतं, प्रवेश फुकट आहे. साडेसात-आठचं कोवळं ऊन तिथल्या झाडांतून येतं तेव्हा कॅमेऱ्याला फार काही करावं लागत नाही.

पण मुलांचे फोटो काढायची इथली सर्वांत चांगली जागा मला विचाराल तर ती आहे एचडीबीचा व्हॉइड डेक. इथले तीन चतुर्थांशांहून जास्त रहिवासी एचडीबीत राहतात, आणि बहुतेक इमारतींचा तळमजला असा मोकळा असतो. वर छत, बाजू उघड्या. म्हणजे डोक्यावरचं ऊन अडतं आणि उजेड बाजूने, मऊ होऊन येतो. मुलाला छताच्या कडेपासून दोन-तीन पावलं आत, तोंड बाहेर करून उभं करा आणि तुम्ही त्याच्या समोर, उजेडाच्या बाजूला उभे राहा. भर दुपारीही चेहरा स्वच्छ येतो. बहुतेक जण नेमकं उलटं करतात: मूल कडेला, पाठीमागे लख्ख अंगण, आणि चेहरा कोळसा. समोर गवताचा मोठा पट्टा असेल तर चेहऱ्यावर हिरवी झाक येते. अशा वेळी सिमेंटच्या अंगणाकडे तोंड असलेली बाजू निवडा.

मूल पांढऱ्या गणवेशात असेल तर कॅमेरा पांढऱ्याला भितो आणि सगळा फोटो अंधारा करतो. फोनवर चेहऱ्यावर बोट टेकवा आणि उजेडाची पट्टी थोडी वर सरकवा. सावळ्या चेहऱ्याला हे जवळजवळ प्रत्येक वेळी लागतं. त्याच वेळी फोनचं ब्यूटी सेटिंगही तपासा. इकडे मिळणाऱ्या काही फोनांत ते आधीच चालू असतं आणि ते मुलांची त्वचा गुळगुळीत, गोरी करतं. ते बंद करा. सहा वर्षांच्या मुलीला तिच्याच फोटोत गोरं करणं हे मला तांत्रिक चुकीपेक्षा मोठं वाटतं.

गणपतीत आणि दिवाळीत फोटोवर आडवे पट्टे

महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात हॉलमध्ये लेझीम रंगलेलं असतं आणि फोटोंवर मात्र आडव्या काळ्या पट्ट्या येतात. लिटल इंडियातल्या सेरंगून रोडवरच्या दिवाळीच्या रोषणाईतही तेच. दोष बहुधा दिव्यांचा असतो. इथली वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे बरेच एलईडी आणि ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं.

कार्यक्रमात आवाज नको म्हणून कॅमेरा सायलेंटवर टाकला असेल तर आधी तो काढा. सायलेंटमध्ये इलेक्ट्रॉनिक शटर चालतं आणि पट्टे प्रामुख्याने त्यानेच येतात. मग शटरचा वेग १/१०० किंवा १/५० सेकंदावर ठेवा. फोन असेल तर प्रो मोडमध्ये हेच करता येतं. बदली होऊन दुसरीकडे गेलात तर हा आकडा बदलतो. कोरिया, तैवान आणि फिलिपिन्समध्ये वीज ६० हर्ट्झची आहे, तिथे १/६० किंवा १/१२०. जपानमध्ये तर देशातच दोन तऱ्हा: टोकियोत ५०, ओसाकात ६०.

पणत्यांच्या फोटोला फ्लॅश नको, एवढंच.

सुट्टीतल्या अल्बमचा क्रम उलटसुलट

इथली वेळ भारतापेक्षा अडीच तास पुढे आहे. फोन विमानातून उतरताच आपली वेळ बदलतो, कॅमेरा बदलत नाही. मग दोघांचे फोटो एकत्र केले की मुंजीत भिक्षावळ आधी आणि मांडवात येणं नंतर दिसतं. प्रवासाच्या आदल्या रात्री कॅमेऱ्याचं घड्याळ फोनशी जुळवा. आधीच घोळ झाला असेल तर एकेक फोटो हलवत बसू नका. बहुतेक फोटो-सॉफ्टवेअरमध्ये निवडलेल्या सगळ्या फोटोंची वेळ एकदम पुढे-मागे करता येते.

हजारो फोटो, तरी घर दिसत नाही

याला दुरुस्तीचं दुकान नाही, म्हणून ही चूक कोणी चूक धरतही नाही. मर्लायन, गार्डन्स बाय द बे, सेंटोसा, विमानतळावरचा धबधबा. पाहुणे आले की हेच फोटो पुन्हा. मूल रोज ज्या लिफ्टमधून शाळेत जातं ती लिफ्ट, दाराबाहेरचा चपलांचा रॅक, कॉफीशॉपमधल्या काया टोस्टने (नारळ-अंड्याचा गोड जॅम लावलेल्या पावाने) बरबटलेलं तोंड, टेक्का मार्केटमध्ये भेंडी निवडणारे बाबा यांचे फोटो शोधायला गेलं तर मिळत नाहीत. परदेशातलं घर बहुधा भाड्याचं असतं. दोन-तीन वर्षांत ते सुटतं, कधी देशच सुटतो, आणि मग परत जाऊन काढू म्हणायची सोय राहत नाही. मर्लायनचा फोटो कोणालाही कधीही मिळेल.

अशा अल्बममधून एक माणूस हमखास गायब असतं, ती म्हणजे घरकामाला राहणारी हेल्पर. इंडोनेशिया, फिलिपिन्स किंवा म्यानमारहून आलेली ही बाई मुलाला भरवते, बसला सोडते, तापात जागते. फोटो काढताना मात्र तिला ‘जरा बाजूला’ म्हटलं जातं, किंवा नंतर कापून टाकलं जातं. तिचं वर्क परमिट एका वेळी दोन वर्षांपर्यंतचं असतं. नूतनीकरण झालं नाही की ती जाते आणि मूल पुढे कधीतरी तिचा चेहरा विचारतं. तिला विचारून तिचे मुलाबरोबरचे फोटो काढा आणि तिलाही द्या. तिच्या घरीही ते बघणारं कोणी असतं. आपल्या सोशल मीडियावर टाकायचे असतील तर ते वेगळं विचारा. काढायला हो म्हणणं म्हणजे टाकायलाही हो, असं नव्हे.

दुसरं गायब माणूस म्हणजे फोटो काढणारी आई किंवा बाबा. कॅमेरा कधी मुलांच्या हातात द्या, तुमची डोकी कापली गेली तरी चालेल.

पाठवताना

आजी-आजोबांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला फोटो लहान होऊन जातो. मोठा प्रिंट काढायचा असेल तर तो अस्पष्ट दिसतो. अशा वेळी फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, तो मूळ आकारात पोहोचतो. मात्र त्याबरोबर तो कुठे काढला ही नोंदही जाते, म्हणून डॉक्युमेंटवाला मार्ग फक्त घरच्यांसाठी. सोसायटीच्या आणि शाळेच्या ग्रुपवर साधा फोटो टाका. व्हॉइड डेकमधल्या फोटोत मागच्या भिंतीवर इमारतीचा ठळक नंबर येतो आणि गणवेशाच्या खिशावर शाळेचा बिल्ला असतो. दोन्ही एकाच फोटोत आले तर घराचा पत्ता आणि शाळा दोन्ही अनोळखी माणसाला कळलं. फ्रेम जरा वळवा. वर्गातल्या इतर मुलांचे चेहरे असतील तर त्यांच्या आईवडिलांना विचारल्याशिवाय पुढे पाठवू नका.

आणि एका वाढदिवसाचे दोनशे फोटो पाठवू नका. आजोबांचा फोन भरतो, आणि मग त्यातला कोणता बघायचा हे विचारायला ते तुमच्या ऑफिसच्या मीटिंगमध्येच फोन करतात.