टेबल, की आणि जॉइन: रिलेशनल डेटाबेसची मांडणी मुळापासून

वाचनालयाची देवघेव बहुतेकदा एक्सेलच्या एकाच शीटवर सुरू होते: तारीख, सभासदाचं नाव, फोन, पुस्तक, लेखक, परत आल्याची तारीख. शंभरेक ओळींपर्यंत काही अडत नाही. मग एका सभासदाचा फोन बदलतो. तो चाळीस ओळींत बदलायचा असतो, पस्तीस ठिकाणी बदलला जातो, आणि खरा नंबर कुठला हे शीटवरून कळेनासं होतं. नवीन सभासदाने अजून पुस्तकच नेलं नसेल, तर त्याला लिहायला जागा नाही. कुणाची एकुलती एक नोंद पुसली, तर त्याचा फोनही गेला.

एडगर कॉड यांनी आयबीएममध्ये असताना १९७० साली रिलेशनल मॉडेल, म्हणजे माहिती एकमेकांशी जोडलेल्या टेबलांत ठेवायची पद्धत, मांडलं. त्यातून निघालेला रोजच्या कामाचा नियम सोपा आहे: एक माहिती एकाच जागी लिहायची, आणि बाकी सगळीकडून तिच्याकडे फक्त बोट दाखवायचं.

आधी कागदावर टेबलं पाडा

प्रत्येक रकान्याला एकच प्रश्न विचारा: ही माहिती नेमकी कुणाची? फोन सभासदाचा. परत आल्याची तारीख ना सभासदाची ना पुस्तकाची. ती त्या एका देवघेवीची. अशी तीन टेबलं लगेच निघतात: सभासद, पुस्तक, देवघेव. चौथं सहसा सुटतं, ते म्हणजे प्रत. एकाच पुस्तकाच्या तीन प्रती असतील आणि एक हरवली, तर ती नोंद कुठे करणार? सभासद पुस्तक नेत नाही, प्रत नेतो. म्हणून देवघेवीच्या ओळीत सभासदाचा क्रमांक आणि प्रतीचा क्रमांक, आणि प्रतीच्या ओळीत पुस्तकाचा क्रमांक.

लेखकांचं काय? एका पुस्तकाला दोन लेखक असू शकतात. ‘लेखक १’, ‘लेखक २’ असे रकाने केले तर तिसरा लेखक आला की टेबल बदलावं लागतं. एकाच रकान्यात स्वल्पविराम देऊन नावं लिहिली, तर ‘राम’ शोधताना रामदासही सापडतो आणि परशुरामही. इथे मध्ये एक जोडटेबल लागतं, पुस्तक_लेखक, ज्यात फक्त पुस्तक_क्र आणि लेखक_क्र. एका घरात एकच मूल्य, हा पहिला नॉर्मल फॉर्म (नॉर्मल फॉर्म म्हणजे टेबल नीट पाडल्याची पायरी). या जोडटेबलात लेखकाचं जन्मवर्ष घातलंत तर ते निम्म्या कीवरच (की म्हणजे ओळ ओळखायचं मूल्य, इथे दोन्ही क्रमांक मिळून) अवलंबून राहतं, म्हणजे दुसरा मोडला. पुस्तकाच्या टेबलात प्रकाशकाचा फोन घातलात तर तो पुस्तकाचा नसून प्रकाशकाचा आहे, म्हणजे तिसरा मोडला. रोजच्या कामाला तिसऱ्यापर्यंत पोचलं की बहुतेक वेळा पुरतं.

की

प्रायमरी की म्हणजे ओळ नेमकी ओळखू येईल असं मूल्य: दोनदा येत नाही, रिकामं राहत नाही, आणि शक्यतो कधी बदलत नाही. फोन नंबर इथे नापास होतो, कारण घरातले दोघे एकच नंबर देतात आणि नंबर बदलतोही. आयएसबीएन (पुस्तकावर छापलेला आंतरराष्ट्रीय क्रमांक) जुन्या पुस्तकांना नसतो. म्हणून डेटाबेसनेच दिलेला क्रमांक घ्यावा. पण तेवढ्यावर थांबू नका: खऱ्या जगात जे दोनदा येता कामा नये (सभासदाचा पावती क्रमांक, प्रतीवरचा दाखल क्रमांक) त्यावर युनिक बंधन घाला. नाहीतर एकच प्रत दोन वेगळ्या क्रमांकांनी दोनदा चढते आणि डेटाबेस हूं की चूं करत नाही. आपोआप येणाऱ्या क्रमांकात मधले आकडे गळतात. रद्द झालेल्या नोंदीचा क्रमांक सहसा परत मिळत नाही. ते भरून काढायच्या भानगडीत पडू नये.

फॉरेन की म्हणजे दुसऱ्या टेबलाच्या कीकडे दाखवणारा रकाना. ती जाहीर केली की अस्तित्वात नसलेल्या सभासदाच्या नावावर देवघेव चढत नाही. सभासद काढून टाकताना काय व्हावं हेही तिथेच ठरतं. ‘कॅस्केड’ दिलंत तर सभासदाबरोबर त्याचा सगळा इतिहास मुकाट्याने पुसला जातो. देवघेवीसारख्या टेबलाला ‘रिस्ट्रिक्ट’च बरं, ते नोंदी असलेला सभासद काढूच देत नाही. एसक्यूलाइट, पोस्टग्रेस, मायएसक्यूएल आणि एसक्यूएल सर्व्हर ही डेटाबेस सॉफ्टवेअरची नावं. एसक्यूलाइटमध्ये फॉरेन कीची तपासणी सहसा बंद असते आणि प्रत्येक जोडणीला ती चालू करावी लागते. पोस्टग्रेस फॉरेन कीच्या रकान्यावर स्वतःहून इंडेक्स (शोध लवकर व्हावा म्हणून क्रमाने लावलेली यादी) बनवत नाही. मायएसक्यूएलचं इनोडीबी (त्यातला डेटा साठवणारा भाग) बनवतं.

रकान्यांचे प्रकार

फोन मजकूर म्हणून ठेवा, आकडा म्हणून ठेवलात तर सुरुवातीचं शून्य जातं. दंडाची रक्कम डेसिमलमध्ये (दशांश तंतोतंत ठेवणारा प्रकार), कारण फ्लोटमध्ये (अंदाजे आकडा ठेवणारा प्रकार) ०.१ आणि ०.२ यांची बेरीज बरोबर ०.३ येत नाही. तारीख तारखेच्याच प्रकारात, मजकुरात नाही. एसक्यूएल सर्व्हरवर देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसत असतील, तर रकाना व्हारकार (साध्या मजकुराचा प्रकार) आहे का ते पाहा. तो एनव्हारकार (सगळ्या लिप्या मावणारा प्रकार) करा आणि क्वेरीत (डेटाबेसला दिलेल्या आज्ञेत) मजकुराच्या अवतरणचिन्हाआधी कॅपिटल एन लावा. आधीच प्रश्नचिन्हं झालेली नावं मात्र परत येत नाहीत, ती पुन्हा भरावी लागतात.

नल

पुस्तक परत आलं नसेल तर परत_तारीख नल. नल म्हणजे शून्य नव्हे, रिकामा मजकूरही नव्हे. ‘माहीत नाही’ असं समजा. म्हणून ‘परत_तारीख = नल’ असं विचारलं तर एकही ओळ मिळत नाही, ‘इज नल’ म्हणावं लागतं. ‘नॉट इन’च्या यादीत एक जरी नल शिरला, तरी एकही ओळ हाती लागत नाही आणि चूकही दाखवली जात नाही. तिथे ‘नॉट एक्झिस्ट्स’ वापरा.

जॉइन

तोडलेली टेबलं पाहण्यापुरती जोडणं म्हणजे जॉइन. इनर जॉइन दोन्हीकडे जुळणाऱ्या ओळी देतो. लेफ्ट जॉइन डावीकडच्या सगळ्या ओळी ठेवतो आणि जोडीदार नसेल तिथे नल भरतो.

समजा यादी हवी आहे: २०२४ मध्ये कुठल्या सभासदाने किती पुस्तकं नेली, शून्यवाल्यांसकट. सभासदला देवघेव लेफ्ट जॉइन केलं, आणि ‘व्हेअर’मध्ये (ओळी गाळायच्या भागात) तारखेची अट घातली. शून्यवाले गायब! कारण त्यांच्या ओळीत तारीख नल आहे आणि नल कुठल्याच तुलनेत बसत नाही. तारखेची अट ‘ऑन’मध्ये (टेबलं कशावरून जुळवायची त्या भागात) हलवली की ते परत येतात. पण आता त्यांच्यापुढे शून्याऐवजी १ दिसतो, कारण ‘काउंट’मध्ये (मोजणाऱ्या फंक्शनमध्ये) चांदणी (*) लिहिली आहे आणि ती ओळी मोजते, नल असो वा नसो. चांदणीच्या जागी देवघेव_क्र लिहा, की शून्य येतं. लेफ्ट जॉइनची यादी अपेक्षेपेक्षा छोटी आली की सगळ्यात आधी ‘व्हेअर’ तपासावं.

आणखी एक: ‘ऑर्डर बाय’ (क्रम लावायची आज्ञा) लिहिलं नसेल तर ओळींच्या क्रमाची काहीही हमी नसते. आज बरोबर दिसतो म्हणून उद्या दिसेलच असं नाही.

ट्रान्झॅक्शन

पुस्तक परत घेताना दोन कामं होतात: परत_तारीख भरणं आणि दंडाची ओळ घालणं. दोन्ही व्हावीत किंवा एकही होऊ नये, यासाठी ती ‘बिगिन’ (सुरुवात) आणि ‘कमिट’च्या (पक्कं करणं) मध्ये ठेवा, मध्येच काही फिसकटलं तर ‘रोलबॅक’ (सगळं मागे घेणं). हाताने अपडेट चालवतानाही हीच सवय ठेवा: आधी त्याच अटीने सिलेक्ट करून ओळी मोजा, मग बिगिन, अपडेट, ‘इतक्या ओळी बदलल्या’ हा आकडा जुळतो का ते पाहा, मगच कमिट. अट लिहायची विसरली तर अख्खं टेबल बदलतं, आणि कमिटनंतर बॅकअपशिवाय फारसा मार्ग उरत नाही. मायएसक्यूएलमध्ये टेबलाची रचना बदलणारी आज्ञा चालू ट्रान्झॅक्शन आपणहून कमिट करते.

प्रतीच्या टेबलात ‘उपलब्ध’ असा रकाना ठेवायचा मोह होतो. टाळा. परत_तारीख नल असलेली ओळ आहे की नाही यावरून ते कळतंच. उलट ‘परत_तारीख नल असेल तेव्हा प्रत_क्र युनिक’ असा आंशिक इंडेक्स घाला (पोस्टग्रेस, एसक्यूलाइट आणि एसक्यूएल सर्व्हरमध्ये जमतो), म्हणजे दोन खिडक्यांवरून एकच प्रत एकाच वेळी दिली जाणार नाही.

इंडेक्स

इंडेक्स सहसा बी-ट्रीच्या (फांद्या फुटत जाणाऱ्या झाडासारखी रचना) रूपात क्रम लावून ठेवतो. (आडनाव, नाव) असा इंडेक्स आडनावाने शोधायला कामी येतो, नुसत्या नावाने शोधायला जवळपास नाहीच. रकान्यावर फंक्शन लावलं, जसं तारखेतून वर्ष काढून २०२४ शी तुलना, तर त्या रकान्यावरचा साधा इंडेक्स बाजूला पडतो. त्याऐवजी १ जानेवारी २०२४ पासून १ जानेवारी २०२५ च्या आधीपर्यंत अशी अट लिहा. प्रत्येक इंडेक्समुळे नवीन नोंद थोडी हळू होते, म्हणून दिसेल त्या रकान्यावर घालू नये. क्वेरी रेंगाळली की बहुतेक डेटाबेसमध्ये तिच्याआधी ‘एक्सप्लेन’ (क्वेरी कशी चालेल ते दाखवणारी आज्ञा) लावून चालवा. मोठ्या टेबलावर थोड्याच ओळी हव्या असताना पूर्ण स्कॅन (सगळ्या ओळी वाचणं) दिसला, तर इंडेक्स तिथे हवा आहे.