बाथरूमची फरशी निवडताय? आधी टाइल्सच्या खाली काय जाणार ते ठरवा

दुकानात गेलं की माणूस पहिलं विचारतो, ही टाइल वॉटरप्रूफ आहे का, आणि दुकानदार म्हणतो हो, एकदम वॉटरप्रूफ. तो खोटं बोलत नाही. चांगल्या व्हिट्रिफाइड, म्हणजे काचेसारख्या घट्ट भाजलेल्या टाइलमधून पाणी आरपार जातच नाही. तरीपण खालच्या मजल्यावरच्यांच्या छताला ओल येते, पोपडे सुटतात, आणि मग जिन्यात भेटले की तोंड चुकवायची वेळ येते. कारण पाणी टाइलमधून जात नाही, ते टाइल्सच्या सांध्यांतून जातं, नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे जमिनीतल्या पाणी जायच्या तोंडाच्या कडेनं जातं, कमोडचा पाइप स्लॅबमधून खाली उतरतो तिथून जातं, आणि भिंत नि जमीन जिथे मिळतात त्या कोपऱ्यातून जातं. म्हणून माझं सरळ सांगणं आहे की बजेट आधी टाइलखालच्या वॉटरप्रूफिंगच्या कामाला काढून ठेवा आणि उरलेल्या पैशात टाइल घ्या. उलटं केलंत तर महागडी टाइल पाचेक वर्षांत फोडावी लागू शकते.

आपली आंघोळीची पद्धतही लक्षात घ्या. इंटरनेटवर बाहेरच्या देशातली बाथरूम दिसतात, काचेच्या कपाटात शॉवर, बाकीची जमीन कोरडी, तिथे व्हिनाइल टाकतात, लाकडासारखं काहीतरी टाकतात, आणि ते टिकतं. आपल्याकडे बादली-मग, बसून कपडे घासणं, दिवाळीत तेल-उटणं, रोज सगळी जमीन ओली, वर बोअरचं क्षाराचं पाणी. या वापराला जे झेपेल तेच आपल्या कामाचं.

आधी खालचं काम

जुनी फरशी काढली की खाली बहुतेक फ्लॅटमध्ये विटांच्या तुकड्यांची भर निघते, सिमेंटमध्ये बसवलेली, आणि ती वर्षानुवर्षं पाणी पिऊन काळी पडलेली असते. ती काढून स्लॅबपर्यंत जायचं की वरच्यावर करायचं हा निर्णय इथेच होतो. खाली गळती चालू असेल तर वरच्यावर करण्यात अर्थ नाही, सगळं काढाच. कोणी म्हणेल जुन्या टाइलवरच नवीन टाइल चिकटवून देतो, तोडफोड नको, धूळ नको. बाथरूम नुसतं जुनाट दिसतंय आणि गळती अजिबात नाही एवढ्यापुरतं ते ठीक आहे, पण गळती असेल तर त्यानं ती झाकली जाते, थांबत नाही, आणि जमीन वर आल्यामुळे दरवाजा घासायला लागतो ते वेगळंच.

भर काढल्यावर आधी प्लंबरकडून सगळे पाइप बदलून किंवा तपासून घ्या, पाण्याच्या लाइनला प्रेशर देऊन बघा. मग नहाणी ट्रॅप आणि पाइपांच्या भोवती स्लॅबला जी भोकं आहेत ती न आकसणाऱ्या ग्राउटनं, म्हणजे भोकं-सांधे भरायच्या मसाल्यानं पॅक करायची, नुसता सिमेंटचा गोळा दाबून नाही. भिंत आणि जमिनीच्या कोपऱ्यात वाटा मारून घ्यायचा, म्हणजे काटकोन राहत नाही, गोलाई येते आणि कोटिंग तिथे तडकत नाही. त्यावर पॉलिमर मिसळलेलं सिमेंटचं कोटिंग, दोन हात, दुसरा हात पहिल्याच्या आडवा. भिंतीवर निदान एक फूट चढवा आणि जिथे अंगावर पाणी घेता तिथे सहा फुटांपर्यंत न्या. मिस्त्री म्हणेल एवढं कोण करतं, तुम्ही म्हणा आम्ही करतो.

आता पाण्याची टेस्ट, आणि ही सोडू नका. कोटिंग पॅकवर लिहिलेल्या वेळेइतकं पूर्ण वाळू द्या. मग ट्रॅपचं तोंड कापडाचा बोळा नि वर सिमेंट लावून बंद करा, दाराशी विटांचा बांध घाला, दोनेक इंच पाणी भरा आणि पाण्याच्या कडेला भिंतीवर पेन्सिलनं रेघ मारा. 24 ते 48 तास तसंच ठेवा. दुसऱ्या दिवशी पाणी रेघेच्या जरासं खाली गेलेलं दिसेल, थोडं उडून जातंच, पण बोटभर उतरलं असेल तर कुठेतरी वाट आहे. खालच्यांना आधी सांगून त्यांच्या बाथरूमचं छतही बघून या, ट्रॅपच्या खाली हात फिरवून बघा. ओल नाही म्हटल्यावरच पुढचं काम. कामगारांना घाई असते कारण या दोन दिवसांत त्यांचं काम अडतं, म्हणून हे दोन दिवस ठरवतानाच हिशोबात धरायला सांगा.

आणखी एक, पैशाचा विषय निघतो म्हणून सांगते. महाराष्ट्रातल्या सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पावसाची गळती आणि बाहेरच्या सामायिक पाइपांची गळती सोसायटीनं बघायची, पण घराच्या आतलं बाथरूम, सिंक यामुळे होणारी गळती सभासदानं स्वखर्चानं दुरुस्त करायची. त्यामुळे हे काम उद्यावर ढकलून सुटका नाही.

ढाळ

टाइल कितीही भारी असू दे, ढाळ चुकला की रोज वायपर मारत बसावं लागतं. मीटरला 10 ते 15 मिलिमीटर उतार पुरे, म्हणजे सहा फुटी बाथरूममध्ये दारापासून ट्रॅपपर्यंत साधारण दोन ते अडीच सेंटिमीटर. जास्त दिला तर ओल्या पायांना ते धोक्याचं आणि स्टूल डुगडुगतं. टाइल बसवून झाल्यावर, ग्राउट भरायच्या आधी, एक बादली पाणी दाराकडून ओता आणि बघत उभे राहा. कुठे डबकं राहिलं तर त्या दोन टाइल्स तेव्हाच उचलून बसवता येतात, नंतर कोणी हात लावत नाही. आणि दाराशी ग्रॅनाइट किंवा कडप्प्याचा उंबरा ठेवा, बाथरूमची पातळी बाहेरच्या फरशीपेक्षा खाली असू द्या. घरात व्हीलचेअर किंवा वॉकर असेल तर उंबरा अगदी चपटा घ्या आणि ढाळावर जास्त लक्ष द्या.

आता टाइल

बाथरूमच्या जमिनीला मॅट किंवा अँटी-स्किड व्हिट्रिफाइड हाच बहुतेक घरांसाठी योग्य पर्याय आहे असं माझं स्पष्ट मत आहे. व्हिट्रिफाइड टाइल स्वतःच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून कमी पाणी शोषते, भिंतीची सिरॅमिक टाइल 10 टक्क्यांहून जास्त शोषते, म्हणून भिंतीची टाइल स्वस्तात मिळाली तरी जमिनीला लावू नका. दुकानात ओळखायची सोपी युक्ती आहे, टाइल उलटी करा आणि मागच्या बाजूला पाण्याचा थेंब टाका. भिंतीची टाइल तो बघता बघता पिऊन टाकते, डाग पसरतो. व्हिट्रिफाइडवर थेंब तसाच बसून राहतो.

घसरण्याबद्दल दुकानात आर 9, आर 10, आर 11 असे आकडे सांगतात. आकडा वाढेल तशी पकड जास्त. ती चाचणी तेल सांडलेल्या उतारावर बूट घालून घेतात, तेव्हा साबणाच्या पाण्यात अनवाणी पायांना ती तशीच लागू होईल असं नाही. साधारण आर 10 च्या खाली जाऊ नका आणि आंघोळीच्या जागेला आर 11 मिळालं तर घ्या. पण सगळ्यात खरी परीक्षा म्हणजे एक नमुना घरी मागून घ्या, बाथरूममध्ये ठेवा, त्यावर शाम्पूचं पाणी ओता, आधार धरून अनवाणी पाय ठेवून थोडा घासून बघा. घरातल्या आजींनाही बोट फिरवून बघायला सांगा, कारण फार खरखरीत टाइलनं म्हाताऱ्या पायांच्या टाचा सोलतात आणि त्या खरखरीत पृष्ठभागात साबणाचा मळही जास्त बसतो. मध्यम पकडीची, हलका पोत असलेली, राखाडी किंवा बेज रंगाची टाइल क्षाराचे पांढरे डाग बरीच लपवते. काळी टाइल फोटोत छान, बोअरच्या पाण्यात आठवड्यात पांढरट दिसते.

साइज लहान घ्या, एक बाय एक फूट. दोन बाय दोन किंवा दोन बाय चार बाथरूममध्ये ट्रॅपकडे चारी बाजूंनी उतार द्यायला अडचणीची होते, मग ती तिरकी कापावी लागते. लहान टाइलला सांधे जास्त येतात आणि ओल्या पायाला सांध्यांचीही पकड मिळते.

चिकटवायला नुसती सिमेंटची स्लरी, म्हणजे पातळ कालवलेलं सिमेंट नको. व्हिट्रिफाइड टाइल पाणीच पीत नाही, त्यामुळे सिमेंट तिला नीट धरत नाही आणि पुढे पोकळ वाजायला लागते. टाइल ॲडेसिव्ह घ्या, पिशवीवर आयएस 15477 हा भारतीय मानकाचा नंबर आणि टाइप 2 किंवा वरचा टाइप लिहिलेला बघा. दातेरी करणीनं पूर्ण पसरवायचं, चार कोपऱ्यांत चार गोळे ठेवून टाइल दाबायची नाही, कारण मधल्या पोकळीत पाणी साठतं आणि वास सुटतो. दुसऱ्या दिवशी नाण्यानं प्रत्येक टाइल ठोकून बघा. सांधा 2 ते 3 मिलिमीटर ठेवा, स्पेसर लावून, आणि त्यात एपॉक्सी ग्राउट. सिमेंटच्या ग्राउटपेक्षा कितीतरी महाग पडतं, पण बाथरूम केवढंसं असतं, आणि ते पाणी पीत नाही, काळं पडत नाही. टाइलवर सांडलेलं ग्राउट ओलं असतानाच पुसून घ्यायला लावा, वाळलं की निघता निघत नाही.

दगडांचं थोडक्यात. कोटा, शहाबादी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत, विनापॉलिशचा कोटा बाथरूमला आजही चांगला चालतो, पण तो चुनखडीचा दगड, ॲसिडनं खराब होतो. संगमरवर बाथरूमला नकोच, स्वयंपाकघरालाही नको, लिंबू, चिंच, कोकम सांडलं की पॉलिश उडून डाग राहतो. लेदर फिनिशचा ग्रॅनाइट मात्र मस्त, वजन आणि खर्च झेपत असेल तर.

बाकीच्या घराला

मुलं, पाहुणे, रोज ओली फरशी पुसणं, असं घर असेल तर हॉल आणि स्वयंपाकघराला मॅट किंवा सॅटिन व्हिट्रिफाइड. आरशासारखी चकचकीत टाइल जून-जुलैत त्रास देते. कोकणात, मुंबईत, गोव्यात पावसाच्या दमट हवेत थंड फरशीला घाम फुटतो आणि चकचकीत टाइलवर तो दिसतही नाही, पाय सटकतो.

लाकडासारखं लॅमिनेट ओल्या पोछ्यापुढे टिकत नाही, आत लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड असतो, कडा फुगतात. एसपीसी म्हणजे दगडाची पूड आणि पीव्हीसीची पट्टी, ती पाण्यानं फुगत नाही, जुन्या फरशीवर तोडफोड न करता बसते, बेडरूमला छान. पण बाथरूममध्ये नाही, पट्टी वॉटरप्रूफ असली तरी सांध्यांतून खाली गेलेलं पाणी तिथेच कुजतं. खालची फरशी उंचसखल असेल तर पट्ट्या एकमेकींत अडकवायचे लॉक तुटतात, आणि उन्हाळ्यात पट्ट्या गरमीनं जरा पसरतात म्हणून भिंतीकडेला थोडी जागा सोडावी लागते, ती स्कर्टिंगखाली झाकली जाते.

टाइल घेताना मापापेक्षा दहा टक्के जास्त घ्या आणि सगळ्या बॉक्सवर बॅच नंबर आणि शेड एकच आहे ना ते उतरवून घेतानाच बघा, दुसऱ्या बॅचची टाइल शेजारी लावली की रंगातला फरक दिसतोच. उरलेल्या चार-सहा टाइल्स देऊन टाकू नका, माळ्यावर उभ्या ठेवा, सोबत बॉक्सचं लेबल कापून ठेवा. पाइप झाकायच्या आधी टेप धरून चारी बाजूंचे फोटो काढा, उद्या गीझर किंवा हँडल लावताना ड्रिल पाइपात जाणार नाही. आणि बाथरूम धुणाऱ्या ताईंना पहिल्या दिवसापासून सांगून ठेवा की ॲसिड वापरायचं नाही, साबण, ब्रश आणि शेवटी वायपर, क्षाराचे डाग पडले तर पाणी मिसळलेलं व्हिनेगर फक्त टाइलवर पाच मिनिटं लावून लगेच धुवायचं, कोट्यावर किंवा संगमरवरावर तेही नको.