'ल्युअर' वाक्यात कसा वापरावा: आधी आमिष कोणाच्या हातात आहे ते पाहा

इंग्रजीतील 'ल्युअर' या शब्दापुढे वहीत 'मोह' एवढाच अर्थ लिहून तो पाठ करायला सांगणे, हा माझ्या मते सर्वांत वाईट सल्ला आहे. मोह आपल्याला होतो, ल्युअर मात्र दुसरे कोणीतरी आपल्याला करते. शिकारी ससाण्याला परत बोलावण्यासाठी दोरीला पिसांचा झुबका बांधून, त्याला मांसाचा तुकडा लावून गरगर फिरवीत, त्या साधनाचे हे नाव फ्रेंचमधून इंग्रजीत आले. आपल्या 'आमिष' या शब्दाचाही मूळ अर्थ मांस असाच आहे, त्यामुळे योग्य प्रतिशब्द शोधायला दूर जावे लागत नाही.

नाम म्हणून वापरायचे असेल तर 'द ल्युअर ऑफ द सी', म्हणजे समुद्राची ओढ, असे लिहावे. 'ऑफ'नंतर ओढणारी गोष्ट आली की काम झाले.

खरी अडचण क्रियापदाची. 'मला मुंबईचा मोह पडला' या धर्तीवर मी कित्येक दिवस 'आय ल्युअर्ड टु मुंबई' असे लिहीत होतो. त्याचा अर्थ मीच कोणाला तरी फूस लावून मुंबईला नेले असा होतो, आणि ते कोणाला हे सांगायचे राहूनच जाते. भुलणारा मी असेन, तर 'आय वॉज ल्युअर्ड टु मुंबई' हेच बरोबर.

शंका आली की मी वर्तमानपत्रातील 'नोकरीचे आमिष दाखवून तरुणाची फसवणूक' हा ठरावीक मथळा आठवतो. आमिष दाखवणारा तो कर्ता, तरुण हे कर्म, आमिषाच्या आधी 'विथ' आणि ज्यात अडकवले त्याच्या आधी 'इन्टू': 'दे ल्युअर्ड हिम विथ द प्रॉमिस ऑफ अ जॉब', 'दे ल्युअर्ड हिम इन्टू साइनिंग द पेपर्स'. या दुसऱ्या वाक्यात 'टु साइन' लिहू नये. ती सवय 'टेम्प्ट'ची आहे, आणि दोन्ही शब्द एकाच दमात शिकवणाऱ्यांमुळे ती इथे शिरते.

कर्ता माणूस असेल तर कपटाचा वास येतो, हे मी फजिती होऊन शिकलो. एका शिक्षकांच्या निरोप समारंभासाठी मी मोठ्या आदराने 'ही ल्युअर्ड अस टु मॅथेमॅटिक्स' असे लिहिले, तेव्हा त्यांनी हसून, "मी तुम्हाला कोणत्या सापळ्यात अडकवले?" असे विचारले. अशा ठिकाणी 'अट्रॅक्ट' किंवा 'ड्रॉ' वापरावे. कर्ता निर्जीव असला तर हा दोष बहुधा उरत नाही. 'हायर पे ल्युअर्ड हर अवे फ्रॉम टीचिंग' या वाक्यात पगारावर कोणी खटला भरत नाही.

उच्चार 'ल्युअर' करा किंवा 'लुअर', दोन्ही चालतात.