साताऱ्याहून किलिमांजारो: सहा दिवस की सात?

रोज पहाटे अजिंक्यतारा चढून उतरणाऱ्याला टांझानियातल्या किलिमांजारोची वाट जड नाही. दोर लागत नाही, बर्फातली कुऱ्हाड लागत नाही. तरी अर्ध्यातून परतणाऱ्यांत धडधाकट, हिल मॅरेथॉन पळालेले लोकही असतात. पहिले दोन दिवस त्यांना हळू चालवत नाही. सातारा साधारण ७०० मीटरवर, कळसूबाई १६४६ मीटर, आणि किलिमांजारोचं उहुरू शिखर ५८९५ मीटर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा. त्याची सवय आपल्याकडच्या कुठल्याच डोंगरावर होत नाही. खर्च कमी करायचाच तर जॅकेट भाड्याने घ्या, दिवस कापू नका.

गाईडशिवाय या डोंगरावर जाता येत नाही. मचामे मार्गाचे सहा आणि सात दिवसांचे कार्यक्रम मिळतात. पहिले तीन दिवस दोन्हींत सारखेच: मचामे कॅम्प, मग शिरा कॅम्प (३८४० मीटर), तिसऱ्या दिवशी लाव्हा टॉवरला ४६०० च्या वर चढून बरांकोला ३९०० च्या आसपास उतरायचं. उंच चढून खाली झोपायचं, सगळी मेख यातच आहे. फरक पडतो चौथ्या दिवशी. सहा दिवसांवाले बरांकोहून थेट बराफू कॅम्पला (४६७३ मीटर) पोचतात आणि त्याच मध्यरात्री शिखराला निघतात. सातवाले मध्ये करंगा कॅम्पला एक रात्र काढतात. सातच घ्या, लेमोशो मार्गाचे आठ परवडत असतील तर आणखी चांगलं.

हंगाम जानेवारी ते मार्चची सुरुवात आणि जून ते ऑक्टोबर. साताऱ्याच्या माणसाला फेब्रुवारी सोयीचा, कारण सरावाचे महिने पावसाळ्यानंतरचे मिळतात. ऑगस्टमध्ये जायचं तर सरावाचे शेवटचे आठवडे धुक्यात आणि शेवाळात जातील. तेव्हा पायवाटा सोडून डांबरी रस्ता धरा.

बारा आठवडे द्या. आठवड्यात दोन दिवस अजिंक्यतारा, पाठीवर आधी तीन किलो, आठव्या आठवड्यापर्यंत सात. शनिवारी यवतेश्वर घाटातून कासच्या दिशेने पाच-सहा तास, आणि रविवारी दुखऱ्या पायांनीच किल्ल्याच्या दोन फेऱ्या. लागोपाठचे हे दोन दिवस चुकवू नका, बाकी एखादा चुकला तरी चालेल. (सप्टेंबरात शनिवारी कासला फुलं बघणाऱ्यांच्या गाड्यांची रांग लागते, तेव्हा उजाडताच निघा.) चढताना तोंड बंद ठेवून नाकानेच श्वास घ्या. तोंड उघडावं लागलं, की वेग कमी करा. तिथले गाईड दिवसभर ‘पोले पोले’, म्हणजे सावकाश, म्हणत राहतात. तो वेग इथेच अंगवळणी पडला पाहिजे.

रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन तपासून घ्या. डायमॉक्स या उंचीचा त्रास टाळायच्या गोळीबद्दल डॉक्टरांशी बोला. प्रतिबंधासाठी साधारण १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून देतात. सल्फाची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. या गोळीने बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते. हे तिथे गेल्यावर कळण्यापेक्षा डॉक्टरांना विचारून घरीच एक-दोन दिवस घेऊन बघा. विमान नैरोबी किंवा आदिस अबाबामार्गे असेल तर पिवळ्या तापाच्या लशीची चौकशी वेळेत करा. दाखला लस घेतल्यावर दहा दिवसांनी लागू होतो. विमा घेताना सहा हजार मीटरपर्यंतचं ट्रेकिंग आणि हेलिकॉप्टरने सुटका हे शब्द पॉलिसीत आहेत का ते वाचा.

हमालाकडे द्यायची बॅग १५ किलोच्या आत. कपडे प्लास्टिकच्या पिशव्यांत भरू नका, टांझानियात २०१९ पासून त्यांवर बंदी आहे. शाकाहारी असाल तर आधी कळवा आणि मेतकूट जवळ ठेवा. चार हजार मीटरच्या वर भूक मरते, तेव्हा मऊ भात-मेतकूट उतरतं. चिक्की मात्र शिखराच्या रात्री दगड होते. तिचे तुकडे घरूनच करून न्या.

डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं इतपत बऱ्याच जणांना होतं. ते गाईडपासून लपवू नका, आणि दुखणं वाढत असेल तर आणखी वर जाऊ नका. सरळ रेषेत टाचेला अंगठा लावून चालता येत नसेल, माणूस असंबद्ध बोलत असेल, किंवा बसल्या जागी धाप लागून छातीत घरघर होत असेल, तर रात्र असली तरी लगेच खाली उतरायचं. सकाळची वाट बघणं जिवावर बेततं.

बराफूहून मध्यरात्रीच्या सुमारास निघतात. थंडी उणे दहा ते उणे वीस. पाण्याच्या पिशवीची नळी गोठते, म्हणून बाटली लोकरी मोज्यात घालून उलटी ठेवा. बर्फ वरून धरतो, तो बुडाशी राहतो आणि तोंड मोकळं राहतं. बॅटऱ्या आतल्या खिशात. सहा-सात तासांनी विवराच्या काठावरचा स्टेला पॉइंट, तिथून उहुरू आणखी पाऊण-एक तास. वर पंधरा मिनिटं पुरे.

त्याच दिवशी म्वेका कॅम्पपर्यंत जवळपास २८०० मीटर उतरायचं असतं, आणि अंगठ्याची नखं काळी पडतात ती इथेच. निघण्याआधी नखं कापा, उताराला लागताना घोट्यापाशी बुटाची नाडी आवळून बांधा म्हणजे पाऊल पुढे सरकत नाही. म्हणूनच सरावात अजिंक्यताऱ्यावरून रिक्षाने खाली येऊ नका, वजन घेऊनच उतरा.