जर्सी कोरडी असताना निवडू नका: मुरमाच्या वाटेवरच्या नेहमीच्या चुका

दर रविवारी पहाटे रंकाळ्यावर जमलो की माझी नजर सायकलींच्या आधी अंगावरच्या कपड्यांवर जाते. टायर नवे, फ्रेम बॅग नवी, जीपीएस नवा, आणि अंगात गॅदरिंगचा सुती टी-शर्ट. सायकलवर लाखभर घालणाऱ्याचाही हात जर्सीपाशी आखडतो. आणि गगनबावड्याच्या वाटेवर पहिला दगा देतात ते हेच कपडे. तेच तेच बघून आता थकलोय, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

आपल्याकडे अडचण थंडीची नाही आणि पावसाचीही नाही. अडचण आहे ती एकाच दिवसात सगळं भेटतं याची. कोल्हापूर शहरात वर्षाला साधारण १००० मिलिमीटर पाऊस पडतो, तर जेमतेम ५५ किलोमीटरवरच्या गगनबावड्यात त्याच्या कित्येक पट. बालिंग्यात ऊन, कळ्यात ढग, साळवणच्या पुढे सरी आणि वर पोचलं की दहा फुटांवरचं न दिसणारं धुकं. जानेवारीत पाऊस नसतो, पण पहाटे १५ अंश आणि दुपारी ३० हा फरक असतोच. शिवाय ग्रॅव्हल, म्हणजे डांबर सोडून कच्च्या वाटेनं सायकल चालवणं, आपल्याकडे होतं ते पाणंद, मुरूम, जांभ्याचं पठार यांवर. वेग कमी, कष्ट जास्त, घाम दुप्पट. म्हणजे पावसानं नाही तर घामानं, तुम्ही भिजणार हे धरूनच चाला. जर्सी निवडताना प्रश्न एकच विचारायचा: ओली झाल्यावर ही कशी वागते?

पहिली चूक: सुती कपडा

हे मी इतक्या वेळा सांगितलंय की लोक आता माझ्यासमोर विषय काढत नाहीत. तरीही पुन्हा सांगतो.

सप्टेंबरचा शेवटचा आठवडा. आम्ही चौघं, दोन दिवसांचा बेत, मुक्काम गगनबावड्यात. त्यातला एक बाविशीतला पोरगा, तालमीत घाम गाळलेला, चढाला आम्हाला मागे टाकणारा. अंगात सुती टी-शर्ट. मी पहाटे विचारलं, तर म्हणाला, "दादा, जर्सी पाठीला चिकटतीया, ह्यात मोकळं वाटतंय." मी गप्प बसलो. ती माझी चूक, आणि ती मी विसरलेलो नाही.

कळ्यापर्यंत ऊन होतं. डांबर सोडून उसातल्या पाणंदीनं गेलो, सगळेच घामानं निथळत होतो. साळवणच्या पुढे पहिली सर आली, ती थांबली, मग दुसरी. असळजनंतर पाऊस थांबला आणि वारा सुटला. पाऊस असेपर्यंत पोरगा ठीक होता, वाऱ्यानं त्याला गाठलं. गगनबावड्यात चहाला थांबलो तेव्हा हवा २० अंशांच्या खाली नसेल. पण त्याला हेल्मेटचं बकल सुटेना. बोटं वळतच नव्हती. कप हातात दिला तर चहा निम्मा बशीत आणि निम्मा मांडीवर. ओठ निळसर आणि विचारलेल्या प्रश्नाला उत्तर उशिरा. ते उशिरा येणारं उत्तर बघून माझ्या पोटात गोळा आला.

टपरीवाल्या मावशींनी काही न विचारता त्याला चुलीशेजारी बसवलं. टी-शर्ट काढून पिळला तर धारच लागली. माझ्या सीट बॅगेतला प्लॅस्टिकमध्ये बांधलेला कोरडा बनियन आणि वर मावशींचं घोंगडं, असं अर्धा तास बसल्यावर तो नीट बोलायला लागला.

कारण साधं आहे. सुती धागा पाणी पोटात घेतो आणि धरून ठेवतो. ओला कपडा अंगाला लागून राहतो, आणि हवेपेक्षा पाणी सुमारे २५ पट वेगानं शरीराची ऊब ओढून नेतं. वारा सुटला की बाष्पीभवन वाढतं, त्यानं आणखी गारवा. पॉलिएस्टर जवळजवळ पाणी पीत नाही. पाणी धाग्यांच्या मधे राहतं, पसरतं आणि उडून जातं. मेरिनो, म्हणजे मेरिनो मेंढीची बारीक लोकर, वेगळ्या पद्धतीनं काम करते: ओलावा धाग्याच्या आत घेते, स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास ओलावा घेऊनही हाताला ओली लागत नाही, आणि ओली असतानाही थोडी ऊब देते. वासही धरत नाही, त्यामुळे तीन दिवसांच्या प्रवासाला एक पुरते.

म्हणून सगळ्यांनी मेरिनो घ्यावी का? माझं मत नाही असं आहे. ती महाग असते, वाळायला पॉलिएस्टरपेक्षा जास्त वेळ घेते, आणि करवंदीच्या जाळीत एकदा अडकली की भोक पडतंच. मी जून ते सप्टेंबर पातळ पॉलिएस्टर घालतो आणि दिवाळीनंतर नायलॉन मिसळलेली मेरिनो. इचलकरंजी शेजारी असलेल्या माणसानं कापडाचं वजन विचारायला लाजू नये. १२० ते १५० जीएसएमच्या (एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) वर मी कधीच जात नाही. 'थंडीसाठी जाड जर्सी' ही कल्पनाच डोक्यातून काढा. जाड जर्सी चढाला उकडते आणि उताराला ओली असते.

नवी जर्सी घेतली की मी घरी एकच चाचणी करतो. बादलीत बुडवायची, घट्ट पिळायची, तशीच ओली अंगात घालायची आणि पंख्याखाली पंधरा मिनिटं उभं राहायचं. पहिली दोन मिनिटं सगळ्याच गार लागतात. चांगली जर्सी पाचव्या-सहाव्या मिनिटाला पाठीवरून सुटायला लागते, काखेत आणि खिशांच्या शिवणीपाशी तेवढी ओल राहते. वाईट जर्सी पंधराव्या मिनिटालाही पोटाला चिकटलेली असते. दुकानात एसीमध्ये, आरशासमोर, कोरड्या अंगानं घालून काहीही कळत नाही. हे करायला कुणाला वेळ नसतो. सगळ्यांना शुक्रवारी रात्री ऑर्डर करून रविवारी घाट चढायचा असतो.

फुटबॉलची जर्सी

ही खास आपल्या गावची. पेठेच्या संघाचा अभिमान मलाही आहे, आणि कापड पॉलिएस्टर असतं म्हणून ती सुती टी-शर्टपेक्षा शंभर पटीनं बरी. पण सायकलवर वाकलं की ती कमरेवर चढते आणि उघड्या कमरेवर मागच्या चाकाचा चिखल उडतो. समोर चेन (झिप) नसते, म्हणजे चढाला छाती उघडी करता येत नाही. पूर्ण उघडणारी चेन ही बदलत्या हवेतली सगळ्यात कामाची गोष्ट आहे. पन्हाळ्याच्या चढाला उघडी, वाघबीळ ओलांडून वारा लागला की बंद, तेही सायकल न थांबवता.

रेनकोट आहे की, मग जर्सी काहीही चालेल

नाही चालत. आपल्या पावसाळ्यात हवाच दमट असते, त्यामुळे 'श्वास घेणारं' जॅकेटही चढाला घाम बाहेर टाकू शकत नाही. अर्ध्या तासात आतून भिजता, तेही पावसापेक्षा जास्त. मी रिमझिमीत रेनकोट बॅगेतून बाहेरच काढत नाही. बिनबाह्यांचं पातळ विंडचीटर आणि आर्म वॉर्मर (हातांवर चढवायच्या सुट्या बाह्या), एवढ्यावर सप्टेंबर ते फेब्रुवारी निघतो. विंडचीटर मुठीएवढं होतं आणि खिशात बसतं. मुसळधार पावसात आणि लांब उतारावर मात्र जॅकेट हवंच.

ते घालायचं कधी, यात सगळे चुकतात. चढ संपला की माथ्यावर थांबायचं, पाय टेकायचे, घालायचं, चेन गळ्यापर्यंत ओढायची आणि मग उतरायचं. नवशिके म्हणतात, "गार लागलं की घालतो." उतारावर ४० च्या वेगात गार लागतं तेव्हा उशीर झालेला असतो. बोटं आखडलेली असतात आणि त्याच बोटांनी ब्रेक दाबायचा असतो. करूळ घाटाच्या वळणांवर हा हिशेब चुकवू नका.

खिसे म्हणजे पोतं नव्हे

बायकपॅकिंगला, म्हणजे सायकलवरच सामान बांधून मुक्कामाच्या प्रवासाला, निघालेला माणूस पाठीच्या तीन खिशांत पंप, पॉवर बँक, चावी, केळी आणि फोन कोंबतो. मसाई पठारावर आमच्यातल्या एकाचा फोन असाच उडाला. जांभ्याच्या खडबडीत वाटेवर भरलेली जर्सी खाली ओढली गेली, खिशाचं तोंड फाकलं, आणि फोन कधी गेला ते कळलंच नाही. चार किलोमीटर उलटं चालत गेलो. तो सापडला तेव्हा पावसाच्या डबक्यात होता.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे मधल्या खिशात टणक वस्तू ठेवू नका. पाठीवर पडलात तर तो पंप थेट मणक्यावर येतो. वजन फ्रेम बॅगेत जाऊ दे. माझ्या खिशांत डावीकडे विंडचीटर, मधे राजगिऱ्याच्या वड्या, उजवीकडे चेनच्या खिशात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला फोन. कित्येक वर्षं यात बदल नाही. धुक्यातही हात न बघता योग्य जागी जातो.

खिसे भरून माप बघा, म्हणजे साइजची चूकही टळेल. सायकलवर बसा, हात हँडलबारवर ठेवा. मागची कड कमरेच्या खाली राहिली पाहिजे आणि खांद्यावर कापड ताणलं जाता कामा नये. उभं राहून समोरून थोडी आखूड वाटली तर ती बरोबर आहे. अनेक युरोपीय ब्रँडची मापं लहान असतात, टी-शर्टचा नंबर बघून मागवू नका. अंगावर कातडीसारखी बसणारी रेसची जर्सी डांबरी शर्यतीला ठीक, दिवसभर खिशात जेवण घेऊन फिरायला नाही. आणि फार ढगळही नको, ती भिजली की लोंबते आणि घाणेरीच्या काट्यांना अडकते.

आता भराभर. धुक्यात काळी किंवा राखाडी जर्सी घालून घाटात जाऊ नका, मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला तुम्ही रस्त्यासारखेच दिसता. पांढरीही नको, जांभ्याची लाल माती तिच्यातून कधीच निघत नाही. पूर्ण जाळीच्या पाठीची जर्सी फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात पाठ भाजते. बिनबाह्यांची जर्सी खांदे भाजते. पाठीवर सॅक घेणार असाल तर खांद्यावरची जाड शिवण आधी बोटानं चाचपून बघा, दुसऱ्या दिवशी तिथेच सोलवटतं. आणि नवी कोरी जर्सी पहिल्यांदा मोठ्या प्रवासात घालायची नाही, आधी ज्योतिबापर्यंत तरी जाऊन या.

राहिली धुण्याची गोष्ट. चांगली जर्सी घेऊन ती फॅब्रिक सॉफ्टनरमध्ये बुडवणारे लोक बघितले की मला खरंच वाईट वाटतं. त्याचा थर धाग्यावर बसतो आणि घाम शोषून पसरवायची ताकद जाते. मग म्हणतात, "जर्सी सहा महिन्यांत बाद झाली." साधी पावडर, तीही कमी, गार पाणी, चेन बंद आणि जर्सी उलटी. मुक्कामी असाल तर अंघोळीबरोबरच हातानं धुवा. पिळून झाल्यावर कोरड्या पंच्यात गुंडाळा, जमिनीवर ठेवा आणि त्या वळकटीवर दोन मिनिटं उभे राहा. पंचा ओला होतो, जर्सी निम्मी कोरडी निघते. मग पंख्याखाली टांगा, खिसे बाहेर काढून, कारण सकाळी ओले राहतात ते खिसेच.