रस्त्याकडेला झाडं लावताय? या चुका टाळा

रोप लावायला अर्धा तास पुरतो, ते जगवायला तीन वर्षं लागतात. हे ज्याला मान्य नाही त्याने कुदळ हातात घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. स्वयंसेवकांबरोबर काम करताना मी रोगाने मेलेली रोपं फार थोडी पाहिली. बाकीची आपल्याच हातून गेली.

त्यातली सर्वांत मोठी चूक म्हणजे खोल लावणं. जितकं खोल तितकं घट्ट, असं नवख्याला वाटतं आणि तो बुंधाही गाडून टाकतो. खोड मुळांना मिळतं तिथे ते जरा पसरट होतं. हा पसरट भाग जमिनीवर दिसलाच पाहिजे. तो गाडला गेला की साल सतत ओली राहून कुजते. झाड लगेच मरत नाही, म्हणून चूक लक्षातही येत नाही.

रोप ज्या प्लास्टिकच्या पिशवीत येतं, तिचंही तसंच. आम्ही लावलेलं एक झाड पाच वर्षं छान वाढलं, त्याच्या सावलीत लोक थांबायला लागले होते. एका संध्याकाळी वादळात ते आडवं झालं. जाऊन पाहिलं तर मुळं बाहेर पसरलीच नव्हती. पिशवीच्या आकारात गोल गोल फिरून त्यांची मनगटाएवढी जाड वेटोळी झाली होती आणि तळाशी काळ्या प्लास्टिकचा तुकडा तसाच होता. लावायच्या दिवशी रोपं जास्त, माणसं कमी. कुणीतरी पिशवीला नुसती चीर देऊन रोप खड्ड्यात ठेवलं होतं. मी तिथेच होतो, पण तपासलं नाही. त्याचं अजून वाईट वाटतं.

तेव्हापासून मी रिकाम्या पिशव्या मोजून घेतो. चाळीस रोपं, तर चाळीस पिशव्या हातात आल्याशिवाय कुणाला निघू देत नाही. गोल फिरलेली मुळं बोटांनी सोडवायची, सुटत नसतील तर धारदार कात्रीने कापायची. जीव होत नाही, तरी कापा. खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दोन-तीन पट रुंद हवा, खोल मात्र गोळ्याएवढाच. तळ जास्त उकरला तर रोप नंतर खचतं. खड्ड्यावर आडवी काठी ठेवून पातळी बघितल्याशिवाय मी माती लोटू देत नाही.

खड्डा नुसत्या खताने भरू नका, निघालेलीच माती परत घाला. तारांखाली उंच वाढणारं झाड नको. खणण्याआधी खालून केबल किंवा पाइप जातो का, ते विचारा. पालापाचोळ्याचा थर पाच-सात सेंटिमीटर पुरे, तोही खोडापासून चार बोटं लांब.

आधाराची काठी बांधून विसरणारे लोक पाहिले की माझा संताप होतो. पानांत तयार झालेलं अन्न सालीच्या आतल्या थरातून मुळांकडे उतरतं. खोड जाड होत जातं, नायलॉनची दोरी तिथेच राहते आणि सालीत रुतून ती वाट बंद करते. मी सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या वापरतो, आठच्या आकड्यात, सैल. वाऱ्याने खोड थोडं हललं पाहिजे, त्यानेच ते भक्कम होतं. बांधतानाच काठीवर सोडायची तारीख लिहितो, साधारण एक वर्षानंतरची. ट्री गार्डचंही तेच, खोडाला टेकायच्या आत काढा.

आता पाणी. लावायच्या दिवशी पन्नास जण येतात, दोन महिन्यांनी दोघंही येत नाहीत. म्हणून मी आधी पाणी घालणारी घरं ठरवतो, मग रोपांचा आकडा. एका झाडाला दोन घरं, म्हणजे एक गावाला गेलं तरी दुसरं असतं. शंभर लावायची घाई असलेल्यांना मी बारावरच थांबवतो, त्यांना राग आला तरी.

आणि रोज मगभर पाणी ओतू नका. त्याने वरची माती तेवढी भिजते आणि मुळं वरच राहतात. कोरड्या दिवसांत आठवड्यातून एक-दोनदा पंधरा-वीस लिटर, आळ्यात हळूहळू जिरेल असं द्या. शंका आली तर बोट दोन पेरं मातीत खुपसून बघा. ओल लागली तर बादली परत घेऊन जा.